आच यंत्राची, पाणी आपलं: इलेक्ट्रिक आम्लेट मेकर नीट कसा वापरावा

तव्यावर आम्लेट करताना आपला हात सतत चालू असतो. आच कमी करायची, कड सोडवायची, तवा कलता करून कच्चं अंडं कडेला सारायचं, अंदाज घेऊन उलटायचं. इलेक्ट्रिक आम्लेट मेकर यातलं काहीच करू देत नाही. झाकण पडलं की आतलं दिसत नाही, आणि बहुतेक यंत्रांना आच कमी-जास्त करायचं बटणही नसतं. त्यामुळे मिश्रण ओता, झाकण लावा, संपलं, असा समज होतो. मग एक दिवस आम्लेट चिवट होतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटातून पाणी गळतं, तिसऱ्या दिवशी अर्धं खालच्या आणि अर्धं वरच्या प्लेटला चिकटून बसतं, आणि यंत्र कपाटाच्या वरच्या फळीवर जातं.

दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. आच यंत्राने ताब्यात घेतली तरी पाणी आपल्याच ताब्यात राहतं: अंड्यातलं, भाज्यांतलं, वरून घातलेल्या दुधातलं, आणि झाकणाखाली कोंडलेल्या वाफेतलं. या यंत्रात चांगलं आम्लेट जमणं म्हणजे हे पाणी सांभाळणं. पुढची प्रत्येक पायरी फिरून तिथेच येते.

झाकणाखाली काय चालतं

बिजागरीने जोडलेल्या दोन प्लेटा, प्रत्येकीत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन खळगे, आणि त्यांवर नॉन-स्टिकचा थर. आत थर्मोस्टॅट असतो. प्लेट ठरावीक तापमानाला पोचली की तो वीज तोडतो, ती निवू लागली की पुन्हा जोडतो. बाहेरचा एक दिवा वीज चालू असल्याचा असतो आणि दुसरा प्लेट तापल्याचा. हा दुसरा दिवा काही यंत्रांत प्लेट तापल्यावर लागतो, काहींत विझतो, म्हणून माहितीपुस्तिकेत एकदा पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: हा दिवा प्लेटबद्दल बोलतो, अंड्याबद्दल नाही. गार मिश्रण ओतलं की प्लेटचं तापमान उतरतं आणि दिवा बदलतो. थोड्या वेळाने तो पुन्हा बदलला म्हणजे आम्लेट झालं असं समजून झाकण उघडणारे खूप आहेत, आणि फाटलेल्या आम्लेटांचं ते मोठं कारण आहे.

आता अंड्याकडे. कवच काढल्यावर मध्यम-मोठ्या अंड्याचं वजन साधारण 50 ग्रॅम भरतं आणि त्यातला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतं. पांढरं 62-63 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, बलक 65 ते 70 च्या दरम्यान. दोन्ही एकत्र फेटलेलं मिश्रण 70 च्या पुढे नीट धरतं. प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंततात, जाळी तयार होते आणि पाणी तिच्यात अडकून राहतं. हे अडकलेलं पाणी म्हणजेच आम्लेटचा मऊपणा. शिजवणं चालूच ठेवलं तर जाळी आवळत जाते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. म्हणून फार शिजलेलं आम्लेट चिवटही लागतं आणि ताटलीत पाणीही सोडतं. दोन्ही तक्रारी एकाच चुकीतून येतात.

पहिल्या वापराआधी

नवीन यंत्राच्या प्लेटा ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या करा, तेलाचा अगदी पुसट हात फिरवा आणि झाकण मिटून पाच-दहा मिनिटं रिकामं तापवा. थोडा धूर आणि वास येईल, खिडकी उघडी ठेवा. गार झाल्यावर पुन्हा पुसून घ्या. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर हे काम दुसऱ्या खोलीत करा. नॉन-स्टिकचा थर साधारण 260 अंशांच्या पुढे गेला की विघटित व्हायला लागतो आणि त्या वाफा पक्ष्यांना घातक असतात. धड चालणारा थर्मोस्टॅट प्लेट इतकी तापू देत नाही, तरी रिकामं यंत्र चालू ठेवून खोलीबाहेर जाण्याची सवय नकोच.

यंत्र ठेवायची जागा सपाट हवी. ओटा जरासा कलता असला तरी पातळ मिश्रण एका बाजूला जमतं आणि मधल्या कडेवरून शेजारच्या खळग्यात उतरतं. वरून कपाटाची फळी अगदी डोक्यावर येत असेल तर यंत्र पुढे ओढून घ्या, कारण वाफ थेट लाकडावर जाते.

अंडं फेटणं आणि मिठाची वेळ

फ्रिजमधली अंडी वापरणार असाल तर पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, किंवा न फोडता कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. फार गार मिश्रण प्लेटची उष्णता खेचून घेतं. मग कडा शिजून पुढे जातात आणि मधलं मागे राहतं.

एका खळग्यासाठी दोन अंडी हा बहुतेक यंत्रांचा अंदाज असतो, पण खळग्यांची खोली सारखी नसते. म्हणून पहिल्या वेळी एका खळग्यात दीड अंड्याचंच मिश्रण घाला आणि तयार आम्लेटचा वरचा भाग बघा. तो फिकट, ओलसर आणि गुळगुळीत राहिला असेल तर अंडं वरच्या प्लेटपर्यंत फुगलंच नाही, म्हणजे पुढच्या वेळी वाढवायला जागा आहे. वर सोनेरी डाग असतील आणि प्लेटची घडण उमटली असेल तर माप बरोबर. कडेने पातळ कुरकुरीत झालर बाहेर आली असेल तर जास्त झालं. एवढं केलं की तुमच्या यंत्राचं माप तुम्हाला कायमचं कळतं.

फेटायला काटा पुरतो. पांढऱ्याचे तंतू दिसेनासे होईपर्यंत फेटा, साधारण अर्धा-पाऊण मिनिट. तंतू राहिले तर आम्लेटमध्ये पांढरे कडक पट्टे पडतात. उलट वर मोठाल्या बुडबुड्यांचा फेस येईपर्यंत फेटलं तर तो फेस वरच्या प्लेटला टेकून कोरडा पडतो आणि आत भोकं राहतात. फेस आलाच असेल तर मिश्रण दोन मिनिटं तसंच ठेवा.

मिठाबद्दल घराघरांत ऐकू येणारा सल्ला असा की ते शेवटी घालावं, नाहीतर अंडं पाणी सोडतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे आणि त्याला कारणही आहे. मीठ प्रथिनांवरच्या विद्युतभारात फरक करतं, त्यामुळे शिजताना धागे एकमेकांना तितके करकचून आवळत नाहीत आणि पाणी आतच राहतं. दोन अंड्यांना दोन चिमटी मीठ फेटतानाच घाला आणि मिश्रण दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. रंग गडद होईल, मिश्रण थोडं पातळ आणि पारदर्शक दिसेल. ते बिघडलेलं नाही. तेवढ्यात भाज्या चिरून होतात.

दूध किंवा पाणी घालावं का? दोन अंड्यांना एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर, इथपर्यंत चालतं. पाण्याने वाफ जास्त होऊन आम्लेट फुगतं, दुधाने जरा मऊ आणि भरीव होतं. त्यापुढे गेलात तर प्रथिनांची जाळी विरळ होते, मिश्रण धरायला जास्त तापमान लागतं आणि आम्लेट काढतानाच मोडतं. दूध जास्त घातलं की आम्लेट मऊ होतं ही समजूत तव्यावर कदाचित खपून जाईल, बंद झाकणाखाली नाही, कारण तिथून पाण्याला बाहेर पडायची वाट फार थोडी असते.

सारण: सगळ्यात जास्त आम्लेटं इथेच बिघडतात

टोमॅटो, पालक, मशरूम, ढोबळी मिरची या सगळ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. उघड्या तव्यावर ते वाफ होऊन उडून जातं. आम्लेट मेकरमध्ये ते झाकणाखाली कोंडतं, अंड्यात शिरतं आणि शेवटी ताटलीत येतं. तेव्हा भाजीचं पाणी यंत्राबाहेर काढायचं आणि मगच तिला आत घ्यायचं.

मशरूमच्या चकत्या कोरड्या कढईत मोठ्या आचेवर परता. आधी त्या पाणी सोडतात आणि चळचळ आवाज येतो. पाणी आटलं की आवाज बदलून तडतड सुरू होते आणि कडा तपकिरी दिसू लागतात. तेव्हा तेलाचे चार थेंब आणि मीठ घाला. मीठ आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं एवढंच, बिघडत काही नाही. पालक गरम कढईत मऊ करून घ्या, गार झाल्यावर मुठीत धरून घट्ट पिळा आणि मग चिरा. मोठी जुडी पिळल्यावर लिंबाएवढा गोळा उरतो, त्यात नवल नाही. टोमॅटोच्या बिया आणि बुळबुळीत गर काढून फक्त बाहेरचा भाग बारीक चिरा आणि पाच मिनिटं कागदी रुमालावर पसरा.

कांदा कच्चा घातला तर बिघडत नाही, पण चार-पाच मिनिटांत तो शिजतही नाही. त्याचा करकरीतपणा आणि उग्र चव आवडत असेल तर अगदी बारीक चिरून घाला, नसेल तर आधी परतून घ्या. ढोबळी मिरचीचंही तेच. बटाटा, मांस, मासे पूर्ण शिजवूनच घालायचे. हे यंत्र अंडं शिजवायला आहे, कच्चं मांस आतपर्यंत शिजण्याइतका वेळ त्यात मिळत नाही.

चीज किसून घ्या आणि ते अंड्याच्या मधोमध राहील असं पाहा. प्लेटला टेकलेलं चीज वितळून करपतं आणि पुढच्या घाण्याला चिकटायला जागा तयार करतं. कोथिंबिरीसारखा कोवळा पाला आत घालण्यापेक्षा काढल्यावर वरून पेरा, रंग आणि वास दोन्ही राहतात.

प्रमाण सांगायचं तर दोन अंड्यांना सगळं सारण मिळून दोन, फार तर तीन मोठे चमचे. याहून जास्त भरलं की अंडं तुकड्यांना बांधून ठेवू शकत नाही, आणि झाकणही नीट टेकत नाही.

ओतायची रीत

यंत्र मिटून तापवा. तीन ते पाच मिनिटांत दिवा तयार असल्याची खूण देईल. मी त्यानंतरही मिनिटभर थांबते, कारण दिवा जिथे संवेदक आहे तिथलं तापमान सांगतो आणि कडेच्या भागाला तापायला थोडा जास्त वेळ लागतो.

ब्रशने किंवा कागदी रुमालाच्या घडीने खालच्या आणि वरच्या, दोन्ही प्लेटांना तेल किंवा लोणी पुसट लावा. वरची प्लेट विसरली जाते, आणि आम्लेट फाटतं ते तिथेच. एकच खळगा वापरणार असाल तर दुसऱ्याला तेल लावू नका. नुसतं तापत राहिलेलं तेल पिवळट चिकट थर होऊन बसतं आणि तो सहज निघत नाही. डब्यातून फवारायच्या तेलांपासूनही लांब राहा. त्यांत घातलेल्या लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचा असाच डिंकासारखा थर नॉन-स्टिकवर साचतो.

आता मिश्रण दोन टप्प्यांत ओता. आधी निम्मं. कडेला लगेच पांढरी रेघ धरेल आणि हलका चर्र आवाज येईल. आवाज आला नाही तर प्लेट पुरेशी तापलेली नाही. अर्धं मिनिट झाकण उघडं ठेवून थांबा. तळाशी पातळ पापुद्रा धरला की त्यावर सारण पसरा, कडेपासून बोटभर आत, आणि मग उरलेलं मिश्रण वरून ओता. एकदम सगळं ओतून वर सारण टाकलं तर जड तुकडे तळाशी जाऊन करपतात. या पद्धतीत ते मधे अडकून राहतात आणि दोन्ही बाजूंना अंड्याचं नितळ आवरण मिळतं.

मिश्रण खळग्याच्या काठापर्यंत भरू नका. अंडं फुगतं आणि त्या फुगण्याला जागा लागते. झाकण हलक्या हाताने मिटा. मुठीला कडी असेल आणि ती जोर लावल्याशिवाय बसत नसेल तर बसवू नका. आतलं अंडं फुगताना झाकण थोडं वर उचललं गेलं तरी चालतं.

झाकण कधी उघडायचं

पहिली तीन मिनिटं अजिबात नाही. त्या वेळात अंडं वरच्या प्लेटला टेकलेलं असतं पण धरलेलं नसतं. झाकण उचललंत तर वरचं साल प्लेटबरोबर जातं आणि खालचं अंडं खालीच राहतं. शिवाय कोंडलेली वाफ निघून जाते, आणि वरचा भाग शिजवण्यात तिचा मोठा वाटा असतो.

डोळ्यांना दिसत नसलं तरी कान आणि नाक आहेत. सुरुवातीला दोन प्लेटांच्या फटीतून वाफेची पातळ रेघ येते आणि आत बारीक सळसळ ऐकू येते. साधारण चौथ्या मिनिटाला वाफ भरपूर असते. ती विरळ होऊ लागली आणि सळसळ मंदावली की आम्लेट तयार होत आलं. लोणी वापरलं असेल तर भाजल्याचा खमंग वास येतो. तो वास कडवट होईपर्यंत थांबू नका.

दोन अंड्यांच्या खळग्याला सहसा चार ते सहा मिनिटं लागतात, सारण जास्त असेल तर मिनिटभर अधिक. झाकण मुठीला धरून वर उचला, चेहरा आणि मनगट फटीपासून लांब ठेवा, कारण वाफ एकदम बाहेर येते. मधोमध बोथट सुरीच्या टोकाने हलकेच दाबा. दाबल्या जागी पातळ ओल वर आली तर मिटून आणखी एक मिनिट. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर किंवा आजारी माणसं खाणार असतील तर अंडं पूर्ण धरलेलं हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या भागाचं तापमान 71 अंश असल्याची खात्री करा, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचा धोका तिथे टळतो.

काढायला लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं घ्या. आधी कडेने गोल फिरवा, मग सरळ बाजूकडून खाली सरकवा. हिसका देऊ नका. शिजलेलं अंडं नॉन-स्टिकवरून आपणहून सुटतं. सुटत नसेल तर बहुतेक ते अजून कच्चं असतं, आणि मिनिटभर झाकण मिटणं हाच त्यावरचा उपाय. आधी फुगलेलं आम्लेट ताटलीत आल्यावर बसतं. आतली वाफ निवते आणि जागा सोडते, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. अर्धा मिनिट थांबून मग कापा, नाहीतर आतलं चीज आणि ओल दोन्ही वाहून जातात.

दुसरा घाणा, तिसरा घाणा

चार-पाच जणांसाठी करताना पहिला घाणा बरा होतो आणि पुढचे बिघडत जातात. कारण उरलेले कण. चीजचा ठिपका किंवा कांद्याचा तुकडा प्लेटवर राहिला तर पुढचं आम्लेट बरोबर त्याच जागी चिकटतं. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर कागदी रुमालाची जाड घडी चिमट्यात धरून प्लेटा पुसा, पुसट तेल लावा, झाकण मिटून दिव्याची वाट पाहा. तयार आम्लेटं झाकून ठेवायची असतील तर ताट थोडं तिरकं ठेवून फट राहू द्या. घट्ट झाकली तर वाफेचं पाणी त्यांच्यावरच पडतं.

पांढरं वेगळं फेटून फुगवलेलं आम्लेटही या यंत्रात सुंदर होतं, कारण उलटायची धास्तीच नाही. पांढऱ्याचा फेस उचलला तर टोक उभं राहून जरा वाकेल इतका करा, फेटलेल्या बलकात हलक्या हाताने मिसळा आणि एका खळग्याला एकाच अंड्याचं मिश्रण घाला. आकारमान दुप्पट झालेलं असतं. दोनाचं घातलंत तर झाकणाखालून बाहेर येईल.

बिघडलं तर कारण कुठे शोधायचं

चिवट आणि कोरडं झालं तर वेळ कमी करा, आधी एका मिनिटाने. आम्लेटच्या तुकड्यांच्या कडेला हिरवट-करडी झाक दिसली तर तेही जास्त शिजल्याचंच लक्षण: पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन तो रंग होतो. खायला चालतं, दिसायला बरं नसतं.

खाली पाणी सुटलं तर आधी भाजीकडे बघा, मग दुधाकडे, मग वेळेकडे. याच क्रमाने, कारण बहुतेक वेळा दोष भाजीत सापडतो.

खालून करपलं आणि वर कच्चं राहिलं तर मिश्रण कमी पडलंय किंवा फार गार होतं. एक बाजू नेहमीच आधी करपत असेल तर यंत्र कलतं आहे का ते पाहा. ओटा सपाट असूनही तेच होत असेल तर त्या बाजूचा तापक बिघडलेला असू शकतो, यंत्र दाखवून घ्या.

प्रत्येक आम्लेट एकाच जागी चिकटत असेल तर तिथला नॉन-स्टिकचा थर गेलेला आहे. थोडा ओरखडा असेल तर तिथे लोणी जरा जास्त लावून काम चालतं, पण थराचे पापुद्रे निघू लागले असतील तर प्लेट बदला किंवा यंत्र बदला.

सफाई

प्लग काढा आणि प्लेटा कोमट होईपर्यंत थांबा. तापल्या प्लेटवर गार पाणी ओतल्याने धातू आणि थर वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि थर लवकर सुटतो. अंडं चिकटलं असेल तर खरवडू नका. कागदी रुमाल ओला करून पिळा, कोमट प्लेटवर पसरा, झाकण मिटा आणि दहा मिनिटं विसरून जा. कोंडलेली ओल चिकटलेलं अंडं मऊ करते आणि ते मऊ स्पंजने निघून येतं. तारेची घासणी आणि पावडर या यंत्राच्या जवळही आणू नका. प्लेटा निघणाऱ्या नसतील तर यंत्र नळाखाली धरायचं नाही, आणि पाण्यात तर बुडवायचंच नाही.

फेटलेल्या अंड्याचं भांडं आधी थंड पाण्याने विसळा. गरम पाणी घातलं तर उरलेलं अंडं भांड्यातच शिजून कडेला धरतं.

बिजागरीकडची खाच मात्र दर वेळी आठवणीने बघा. तिथे ओघळलेलं मिश्रण पुढच्या वेळी तापून करपतं आणि करपट वास येतो. लाकडी काडीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून ती खाच पुसा, मग कोरड्या फडक्याने सगळं टिपून घ्या. झाकण थोडं उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या आणि वायर यंत्राभोवती सैल गुंडाळून ठेवून द्या.